आमची वाटचाल: कुळागरातली पेटी आणि 32 बाइटची किल्ली

गोव्यातल्या फोंड्यात आमचे छोटेसे वर्कशॉप आहे. सावईवेरे, केरी, सत्तरी भागातल्या कुळागरांसाठी, म्हणजे माडा-पोफळींच्या बागांसाठी, आम्ही टाकीतल्या पाण्याची पातळी कळवणाऱ्या आणि पंप चालू-बंद करणाऱ्या पेट्या बनवतो. माडा-पोफळींच्या दाटीत मोबाइलला रेंज नसते, म्हणून पेटी लोरा या कमी विजेत दूरवर पोचणाऱ्या रेडिओवरून बागायतदाराच्या घराशी बोलते आणि तिथून निरोप आमच्या सर्व्हरकडे येतो.

"भाऊ, माझ्या टाकीत पाणी किती, हे चोरून कुणाला काय मिळणार?" असे गिऱ्हाईक हमखास विचारते. पातळीचे एक वेळ सोडून देऊ. पण पंप चालू करायचा खोटा हुकूम कुणी सोडला, तर कोरडा पंप रात्रभर फिरून मोटर जळते. ऐन एप्रिलमध्ये असे झाले तर बाग सुकते.

सगळ्या पेट्यांत एकच गुप्त किल्ली घालणे सोपे होते. पण पेटी बागेत उघड्यावर असते. एक खोलली की सगळ्यांचीच कुलपे उघडली. म्हणून पेटीत आमच्या सर्व्हरची फक्त सार्वजनिक किल्ली, म्हणजे निरोप बंद करणारी, राहावी आणि तो उघडणारी खाजगी किल्ली आमच्या ताब्यात, यावर मी पहिल्यापासून ठाम होतो.

अशा दोन किल्ल्यांची 1977 सालची आरएसए पद्धत सर्वांच्या ओळखीची. पण 2048 बिटांच्या आरएसएने बांधलेला निरोप 256 बाइटचा होतो आणि लोराच्या एका पॅकेटात, म्हणजे एका खेपेत, जास्तीत जास्त 255 बाइट मावतात. एका बाइटने गाडी अडते! म्हणून एलिप्टिक कर्व्हकडे वळलो. एका वक्ररेषेच्या गणितातून छोट्या किल्ल्या बनवायची ही कल्पना नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर यांनी 1985 मध्ये स्वतंत्रपणे मांडली. तिची 256 बिटांची किल्ली साधारण 3072 बिटांच्या आरएसएइतकी मजबूत मानतात. आम्ही त्यातला कर्व्ह25519 नावाचा वक्र घेतला. पेटी दर निरोपाला नवी तात्पुरती किल्ली तयार करते, सर्व्हरच्या किल्लीशी तिचे गणित जुळवून सामाईक गुपित काढते, त्याने मजकूर बंद करते आणि तात्पुरती खाजगी किल्ली पुसून टाकते. किल्लीचे 32 बाइट, निरोपात फेरफार झाला नाही ना, या पडताळणीचे 16, टाकीच्या नोंदीचे 12. सगळा निरोप 60 बाइटांत आटोपतो. उद्या पेटी चोरीला गेली तरी जुने निरोप वाचता येत नाहीत.

पंपाच्या हुकमावर सर्व्हरची एड25519 पद्धतीची डिजिटल सही असते, 64 बाइटची. सोबत चढता क्रमांक, म्हणजे कालचा हुकूम रेकॉर्ड करून आज वाजवला तर पेटी दाद देत नाही. रँडम आकडे मात्र चिपमधल्या खऱ्या स्रोतातूनच घ्यायचे, यात मी कधीच तडजोड करू देत नाही. तो आकडा कुणाला ओळखता आला, तर बाकीचे गणित कितीही भक्कम असून उपयोग शून्य.

मोठे क्वांटम संगणक आले तर आरएसए आणि एलिप्टिक कर्व्ह दोन्ही मोडतील. त्यासाठी अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने 2024 मध्ये गुपित पोचवण्याचे एमएल-केईएम हे मानक जाहीर केले. त्याच्या 768 प्रकारात बंद केलेले गुपितच 1088 बाइटचे, म्हणजे आमची पाच पॅकेटे. दर निरोपाला एवढा भार बॅटरीला झेपणार नाही; म्हणून ते गुपित अधूनमधून एकदाच पाठवायचे आणि रोजच्या निरोपात कर्व्हच्या गुपिताशी मिसळून वापरायचे, अशी जुळणी आम्ही सध्या करतो आहोत.