लेबल पॉलिएस्टरचं, कड कातड्याची

राजारामपुरीत माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. थंडीत एक काकू नातवानं कॅनडाहून पाठवलेलं जॅकेट घेऊन आल्या. टोपीला फरची कड होती. काकू जैन, पायात कापडी चप्पल. चामडं त्या वापरतच नाहीत. म्हणाल्या, "आत पॉलिएस्टर लिहिलंय. पण हात लावला की मन घेत नाही. खरं काय ते बघून सांग बाबा."

लेबल खोटं नव्हतं, पण ते जॅकेटच्या कापडाचं होतं. कडेबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

फर ओळखायची तर मुळाशी जावं लागतं. केस दोन बोटांनी फाकवले. खोटी फर असती तर खाली विणलेलं कापड दिसलं असतं. इथे आधी मऊ, दाट लव, तिच्यातून वर आलेले लांब राठ केस आणि तळाला फिकट कातडं. टाचणी सहज आत जाईना. भिंगाखाली टोकं मांजराच्या मिशीसारखी निमुळती दिसली. नुसत्या टोकांवर मात्र मी विसंबत नाही; कातरलेल्या खऱ्या फरचीही टोकं बोथट असतात.

तरी काकूंची खात्री व्हायला हवी होती. सॉल्व्हंटपासून, म्हणजे ड्रायक्लीनिंगच्या रसायनापासून लांब, मागच्या अंगणात, दोन-तीन केस चिमट्यात धरून पेटवले. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. हे केस आक्रसले, चिमटीत चुरडताच त्यांची भुकटी झाली. केस जळाल्याचा वास काकूंनाही आला.

"काकू, हे जनावराचंच आहे."

त्या बाकावर बसल्या. "मी दोनदा घातलं की रे हे."

नातवाचा यात काय दोष? भारतात मिंक, कोल्हा आणि चिंचिलाच्या फरची आयात २०१७ पासून बंद आहे, पण तिकडच्या दुकानांत ती उघड मिळते. ड्रायक्लीनिंगच्या मशीनमध्ये ती कड टाकणं मलाही जमणारं नव्हतं. सॉल्व्हंटनं कातड्यातलं तेल निघून जातं, मग ते ताठतं आणि तडकतं. काकूंच्या सांगण्यावरून मी ती तिथेच उसवली.

त्यांनी नातवाला व्हिडिओ कॉल लावला. "कसं बघायचं ते दाखव त्याला." मी दाखवलं. त्यानं स्वतःच्या जॅकेटची टोपी कॅमेऱ्यापुढे धरली आणि केस फाकवले. खाली कातडंच.

काकू म्हणाल्या, "तीही उसव."