पाकळीचा तुकडा

लंडनमध्ये चिनीमातीच्या वस्तू दुरुस्त करणं हे माझं काम. एका सकाळी एक वृद्ध गृहस्थ ब्लँकेटात गुंडाळलेला अर्धपुतळा घेऊन आले. "रोमन संगमरवर आहे, सांभाळून," त्यांनी बजावलं. पाकळ्यांतून उगवलेली, मान खाली झुकवलेली तरुणी. गळ्यावर तपकिरी सांधा, आणि तळाची एक पाकळी अर्धी उडालेली.

सांध्यातली जुनी लाख अल्कोहोलने सुटली, डोकं हातात आलं. आत सगळं पोकळ! पाठीमागे ठसे होते: कोपलँड (बनवणारा कारखाना), आर्ट युनियन ऑफ लंडन, 1855. म्हणजे हे पॅरियन, 1840च्या दशकात इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट भागात पहिल्यांदा तयार झालेलं, झिलई नसलेलं पोर्सिलेन. पातळ माती प्लॅस्टरच्या साच्यांत ओतायची, सुटे भाग जोडायचे आणि भाजायचे. भट्टीत ते चांगलंच आकसतं, पण त्वचेवर संगमरवरासारखी मऊ चमक उरते. आर्ट युनियन या कलामंडळाचे वर्गणीदार वर्षाला एक गिनी भरत आणि सोडतीत अशा वस्तू जिंकत. राजवाड्यातली शिल्पं अशी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचली. काहींना हे स्वस्त अनुकरण वाटतं. मला त्यातली चलाखी आवडते.

गृहस्थांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पणजीला सोडतीत काहीतरी लागलं होतं, असं आई सांगायची खरी."

उरली पाकळी. ती अंदाजाने घडवणं मला पटेना, म्हणून दुपारी ब्रिटिश म्युझियमने छापलेली मूळ शिल्पाची छायाचित्रं काढून बसले. हिचं नाव क्लायटी, सूर्यावर प्रेम जडलेली आणि शेवटी फूल झालेली अप्सरा. चार्ल्स टाउनली या इंग्रज संग्राहकाने 1772 मध्ये नेपल्समध्ये ती विकत घेतली आणि 1805 मध्ये ती म्युझियमकडे आली. शिल्प साधारण इ.स. 40 ते 50 दरम्यानचं मानतात. अठराव्या शतकात ते पुन्हा कोरलं गेलं असावं, असा संशयही काही अभ्यासकांना आहे. म्हणजे आमच्या गृहस्थांचा 'रोमन' शब्द मूळ शिल्पालासुद्धा नि:शंकपणे लावता येत नाही!

छायाचित्रावरून माप घेऊन उपयोग नव्हता. पॅरियनची प्रत मुळातच लहान, त्यात भट्टीतलं आकसणं. वळण तेवढं घ्यायचं होतं: टोक बाहेर किती कलतं, कडा कुठे जाड होते. इपॉक्सी या कृत्रिम राळेत रंगद्रव्य मिसळून त्या मलईसर पांढऱ्याशी जुळवत बसले. पॅरियनमध्ये उजेड थोडा आत शिरतो, त्यामुळे अपारदर्शक भराव लगेच ठिगळासारखा दिसतो. सगळा वेळ त्यातच गेला. पाकळी बसल्यावर समोरून सांधा दिसत नव्हता. अतिनील दिव्याखाली मात्र तो लख्ख दिसतो, आणि तसाच दिसायला हवा, कारण पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला माझं काम वेगळं ओळखता आलं पाहिजे.

पावतीवर मी 'पॅरियन, 1855' असं लिहिलं. विमावाल्यांना काय सांगायचं, ते गृहस्थांवर सोपवलं.