लिंबू बाजूला ठेव

दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएतले तीन दिवस कामातच गेले. चौथा दिवस माझा होता, म्हणून सकाळच्या रेल्वेने जवळच्या सेत या बंदराच्या गावी उतरले आणि बंदरावरच्या एका गजबजलेल्या हॉटेलात जेवायला बसले. पिकपूल द पिने ही तिथली पांढरी वाइन आवर्जून मागवली. पेला आला तो इतका गार की बाहेरून दव धरलेलं. वास नाही, चव नाही, नुसता दातांना झिणझिण्या आणणारा गारठा. सोबत सायीच्या दाट रश्शातला मासा. पैसे सेतच्या मानानेही जास्त लावले. एवढ्या लांब येऊन हेच प्यायचं होतं का, असं वाटून मन खट्टू झालं.

तिथून बसने बुझीगला गेले ती केवळ कालवांसाठी, म्हणजे ऑयस्टरसाठी. माझं माहेर देवगडकडचं. ओहोटीला आई आणि आत्या कातळावर उकिडव्या बसून कोयतीने कालवं फोडायच्या. चार तास वाकून वाटीभर मांस मिळायचं आणि बोटं चिरलेली असायची ती वेगळीच. आमच्याकडे त्याचं सुकं होतं, कांदा-खोबरं घालून, वर दोन-तीन आमसुलं. कच्चं कालव कुणी खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं.

बुझीग हे 'एतां द तो' या खाऱ्या सरोवराच्या काठचं छोटंसं गाव. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, त्यामुळे कालवं कातळावर शोधायची नसतात. पाण्यात खांबांचे मांडव उभे केलेत, त्यांना दोऱ्या टांगलेल्या आणि दोरीवर कालवांची पिल्लं चक्क सिमेंटने चिकटवलेली. ती कायम पाण्यात बुडालेली असतात. काही जण तर आता सौरऊर्जेवर दोऱ्या वर ओढून त्यांना थोडा वेळ हवेत ठेवतात, म्हणजे हाताने घडवलेली ओहोटीच! काठावरून ते मांडव पाहताना मला आईची फार आठवण आली.

पाण्यालगत एका कालववाल्या बाईंची पत्र्याची शेड होती. पुढे चार लाकडी टेबलं, गिऱ्हाईक मी एकटीच. डझनभर कालवं मागितली. त्यांनी डाव्या तळव्यावर फडकं घेतलं, सुरीचं टोक शिंपल्याच्या कडेत घातलं, मनगट किंचित फिरवलं, की झाकण सुटलं. आतलं पहिलं पाणी त्यांनी ओतून टाकलं. मी दचकले. त्या खुणेनेच म्हणाल्या, थांब. मिनिटा-दोन मिनिटांत कालवाने पुन्हा पाणी सोडलं, आधीपेक्षा नितळ आणि कमी खारट. खायचं ते या पाण्यासकट.

ताटलीत लिंबाची फोड होतीच. मी ती पिळायला उचलली, तर त्यांनी माझा हात धरला आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "आधी वाइन. लिंबू बाजूला ठेव." उंच हिरव्या बाटलीतून पेल्यात ओतली, ती तीच पिकपूल द पिने, पण गारेगार नव्हे. माठातल्या पाण्याहून जास्त थंड, आठ-दहा अंशांच्या आसपास असावी. पेला जरा फिरवला तर ईडलिंबाच्या सालीसारखा वास, मागे कसल्याशा पांढऱ्या फुलाचा. पिकपूल म्हणजे ओठाला डसणारी, असा अर्थ तिथले लोक सांगतात. घोट घेतला आणि जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं.

मग कालव. आधी समुद्र, मग ओल्या काजूसारखी गोडी. त्यावर घोट. उग्र वास कापला गेला, गोडी मात्र राहिली. आमच्या सुक्यात आमसूल नेमकं हेच करतं! मासळीच्या स्वयंपाकात आंबट का लागतं हे मला कुणी कधी समजावलं नव्हतं, ते त्या टेबलावर कळलं.

इतक्या उन्हातही पिकपूलचं द्राक्ष आंबटपणा सोडत नाही, ही त्याची खासियत. वाइन बहुतेक वेळा लाकडी पिंपात न मुरवता स्टीलच्या टाक्यांत करतात आणि ताजी असतानाच पितात. पिने आणि शेजारची पाच गावं एवढीच तिची हद्द. २०१३ साली तिला स्वतःचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावांतले मळे त्याच सरोवराच्या आसपास आहेत. वाइन आणि कालवं शेजारीशेजारी वाढतात.

बाईंनी नंतर तिएल आणून दिली. टोमॅटोच्या तिखटसर सारणात ऑक्टोपस भरलेला गोल पाव, इटलीतून सेतला आलेल्या कोळ्यांचा. तिखटालाही ही वाइन दबली नाही. सकाळच्या सायीच्या रश्शापुढे मात्र ती पार हरवली होती, हे तेव्हा ध्यानात आलं. घरी आणलेली बाटली आम्ही तळलेल्या बोंबलांबरोबर संपवली, फार छान लागली. नारळाच्या दाट कालवणाबरोबर मी ती पुन्हा उघडणार नाही.

दुसरं डझन मागवलं. शिंपले उघडताना बाईंच्या बोटांवरचे पांढरे वण दिसत होते, आईच्या बोटांवर आहेत तसेच.

संध्याकाळी बसची वाट पाहताना आईला फोन केला. कच्ची कालवं खाल्ली म्हटल्यावर ती क्षणभर गप्पच झाली.

"लिंबू तरी पिळलंस का गं?"