आत्याच्या गच्चीवरची गोधडी

पहाटे ग्वाल्हेरला उतरले तेव्हा थंडी सरत आली होती. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. दाट धुक्याचे दिवस संपलेले आणि धुळीचे अजून सुरू व्हायचे होते. किल्ल्यावरून शहराचे फोटो काढायला मी मुद्दाम हेच दिवस निवडले होते. आत्याने चहाबरोबर बेडई पुढे केली आणि विचारलं, "वरून आमचं घर दिसेल का गं?"

आत्या लग्न होऊन लष्कर या ग्वाल्हेरच्या भागात आली त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. शिंद्यांच्या छावणीजवळच्या त्या घरातून तिने किल्ला रोज पाहिला आहे, सणावारी पाहुण्यांना घेऊन वरही गेली आहे. पण वरून आपलं घर कुठलं, हे तिला कधीच सापडलं नव्हतं. "सगळी गच्च्यांची गर्दी. मान मंदिर दाखवायचं, गुरुद्वाऱ्यात जायचं आणि यायचं."

उंचावरून फोटो काढायचं मला पहिल्यापासून वेड आहे. सिंहगड, रायगड, जोधपूरचा किल्ला, जिथे जाईन तिथून खालचं गाव टिपत आले. पण त्यातले बरेचसे फोटो मी पुन्हा उघडून पाहत नाही, आणि ते का, हे आत्याच्या त्या एका प्रश्नाने माझ्या लक्षात आलं. त्यात नुसतं गाव आहे, त्या गावातलं कुणी नाही. म्हणून या वेळी ठरवलं, आत्याचं घर टिपायचंच.

खूण म्हणून वहिनीने गच्चीवर पांढरी चादर पसरली. मी सकाळी साडेसातला ग्वालियर दरवाजाने पायी चढायला लागले. गाड्या पश्चिमेकडून, उरवाई दरवाजाने जातात. त्या वाटेवर कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती आहेत, त्या पाहायलाच हव्यात. पण पायी चढलं की शहर एकेका वळणावर थोडं थोडं खाली जातं. गुजरी महालापाशी खालच्या बाजाराचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात, गणेश दरवाजाच्या वर गेलं की त्यांची एकच गुणगुण होते. वाटेतच कड्यात खोदलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इ. स. ८७६ च्या लेखात २७० आणि ५० हे आकडे आपल्या आजच्या शून्यासारखं शून्य देऊन लिहिलेले आहेत. २७० हात ही देवाला दिलेल्या बागेची लांबी, आणि ५० हे रोज वाहायचे हार. शून्याची ही इतकी जुनी खूण कुणा पंडिताच्या पोथीत नाही, फुलांच्या हिशोबात आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

हत्ती पोळेतून, म्हणजे वरच्या दरवाजातून, आत गेलं की मान मंदिर हा राजवाडा. राजा मानसिंह तोमराने पंधराव्या शतकाच्या शेवटी ते बांधायला घेतलं. निळ्या-पिवळ्या फरशांमधली बदकं, केळीची झाडं, हत्ती, मगरी बाहेरच्या भिंतीवर आहेत आणि ती चढतानाच, मान वर करून पाहायची. इतक्या उंच किल्ल्यावरचं सगळ्यात देखणं चित्र खालून वर बघणाऱ्यासाठी आहे.

मी सरळ सासबहूच्या देवळांकडे गेले. मूळ नाव सहस्रबाहू असावं असं मानतात. मोठं देऊळ कच्छपघात राजा महीपालाच्या काळातलं, लेखातला काळ १०९३ चा. देवळं पूर्वेच्या तटाला अगदी लागून आहेत. खांबांच्या मधे शहर आपोआप चौकटीत बसतं, आणि तो फोटो सगळेच काढतात. मीही काढला. मग देवळांच्या दक्षिणेला तटाच्या कडेने थोडं पुढे जाऊन लष्कराकडे लेन्स वळवली.

काहीच सापडलं नाही. सूर्य आग्नेयेला, जवळजवळ लेन्सच्या समोर. खालून चुलींचा, गाड्यांचा धूर चढून गच्च्यांवर दुधाळ थर झालेला. फुलबाग कुठे हे कळत होतं, त्यामागे जयविलास राजवाड्याची पांढरी लांबी दिसत होती, पण पुढे सगळं राखाडी. त्यात पांढरी चादर ही तर सरळ सरळ चूक होती. उन्हाळ्याचा ताप कमी व्हावा म्हणून इथे पुष्कळ गच्च्यांना चुना मारलेला असतो. दीड-दोन किलोमीटरवरून चुन्याची गच्ची आणि चादर यात फरक काय दिसणार? सव्वाशे फोटो काढले, एकातही घर नाही. मला खरोखर वाईट वाटलं, कारण खाली आत्या फोनची वाट पाहत बसली होती.

किल्ल्याची टेकडी उत्तर-दक्षिण अशी जवळजवळ तीन किलोमीटर लांब पसरली आहे आणि पायथ्यापासून शंभरेक मीटर उंच. तिच्या कडेने चालताना खालच्या शहराचा इतिहास नकाशासारखा वाचता येतो. ईशान्येला, अगदी पायथ्याशी, जुनं ग्वाल्हेर. बारीक गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली घरं, त्याच्या पलीकडे हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौस यांचा मकबरा आणि शेजारी तानसेनाची कबर. दक्षिणेला लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ दिला आणि तो तळच शहर झाला. खाली फिरताना दौलतगंज, जनकगंज, शिंद्यांची छावणी ही फक्त पत्त्यातली नावं वाटतात. वरून पाहिलं की महाराज बाड्याभोवतीचा मोकळा चौक आणि त्यातून फुटणारे रस्ते डोळ्यांत भरतात, आणि इथे आधी राहुट्या होत्या, घरं नंतर आली, हे पटतं. पूर्वेला रुळांच्या पलीकडे मुरार. आपल्या माणसांचं हे शहर मी चाळीस वर्षं ऐकत आले होते. ते कसं वसलं हे मला त्या सकाळी तटावर उभं राहून कळलं.

आकाशातून काढलेला पहिला फोटो नादार या फ्रेंच छायाचित्रकाराचा. त्याने तो १८५८ मध्ये पॅरिसजवळ, दोरीने बांधलेल्या फुग्यातून घेतला. तो आज शिल्लक नाही. त्याच १८५८ च्या जूनमध्ये इथे, या कड्याच्या खाली, झाशीच्या राणीने देह ठेवला. फुलबागेजवळ तिची समाधी आहे आणि घोड्यावर बसलेला पुतळा. वरून तो पुतळा तिळाएवढा दिसतो. मी त्याचा फोटो घेतला नाही. लक्ष्मीबाईंकडे इतक्या उंचावरून पाहणं मला जमेना. नंतर खाली जाऊन पायरीवर बसून राहिले.

"ड्रोन का नाही आणलास?" असं आतेभावाने विचारलं होतं. एक तर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या स्मारकांवर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि शहराला लागून महाराजपुऱ्याला हवाई दलाचा तळ आहे. पण परवानगी मिळाली असती तरी मी तो नेला नसता. ड्रोनला हवी ती उंची मिळते, म्हणूनच त्याला कुठल्याही एका जागेचं बंधन राहत नाही. किल्ल्यावर उभं राहिलं की जागा आपल्याला बांधून घालते. पहारेकऱ्याने जिथून पाहिलं तिथूनच आपणही पाहतो. आणि इतकं पाहूनही पहारा चुकतो. १७८० च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन पॉफमची माणसं रात्री शिड्या लावून हाच कडा चढून आली आणि महादजींचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पुढे महादजींनी तो परत घेतला.

दुपारी घरी आले. दुपारचे फोटो काढायचेच नाहीत. तापलेल्या गच्च्यांवरून हवा थरथरत वर येते आणि लांबची लेन्स तो थरथराट जसाच्या तसा टिपते. मग कितीही महागडा कॅमेरा असो, घरांच्या कडा पाण्यात हलल्यासारख्या दिसतात.

आत्याने काहीच विचारलं नाही. उठून ट्रंक उघडली आणि आजीची गोधडी काढली. माझ्या आजीने स्वतःच्या नऊवारीची शिवलेली, वरचा पदर हळदीसारखा पिवळा. "हिचा रंग अजून गेला नाही बघ," म्हणाली. कॅमेऱ्याच्या तिपाईबद्दलही, म्हणजे ट्रायपॉडबद्दल, मी बोलले होते. वर तिपाई लावायची तर परवानगी लागते आणि हातात लांब लेन्स हलते. तर तिने जुन्या उशीच्या अभ्र्यात दोन किलो मूग भरून तोंड शिवून दिलं. तटाच्या दगडावर ते गाठोडं आणि त्यावर लेन्स. इतका स्थिर आधार मला आजवर विकतच्या कुठल्याही वस्तूने दिलेला नाही.

साडेचारला पुन्हा वर गेले, त्याच जागी. पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला. तटाची कड आहे, तिथे डोळा कॅमेऱ्यात असताना पाय हलवायचा नाही, हे मी कुणालाही बजावून सांगेन. फेब्रुवारीत सूर्य नैऋत्येला उतरतो, म्हणून टेकडीची सावली ईशान्येकडे, जुन्या ग्वाल्हेरवर पडते. सव्वापाचपासून ती सावली एकेक गल्ली झाकत सरकताना दिसायला लागली. एकीकडे ग्वाल्हेरात दिवेलागण व्हायला आली होती आणि दुसरीकडे लष्कर अजून उजव्या बाजूच्या तिरप्या उन्हात उजळलेलं. हेच ऊन हवं होतं. ते प्रत्येक कठड्याला, पाण्याच्या प्रत्येक टाकीला स्वतःची सावली देतं आणि मग सपाट वाटणारी गर्दी एकेका घरात सुटी होते.

तीनशे मिलिमीटरची लेन्स, छिद्र ८, वेग १/५००. फुलबागेपासून सुरुवात केली. तिथून रस्ता, रस्त्याचं वळण, वळणावरच्या देवळाचा कळस, त्यानंतर एक कडुलिंब. हा क्रम आत्याने मला कागदावर लिहून दिला होता. कडुलिंबाच्या मागे, दोन काळ्या टाक्यांच्या मधे, नखाएवढा पिवळा ठिपका.

मी तिथेच मोठ्याने "आत्या!" म्हणाले. बाजूला फोटो काढणारी दोन मुलं वळून बघायला लागली. त्यांना दाखवलं, तर त्यातला एक आपली गच्ची शोधायला लागला आणि मित्राला फोन करून म्हणाला, "माँ से बोल, छत पर कुछ पीला डाल दे."

ऊन असेपर्यंत मी त्या पिवळ्या ठिपक्यावरून हलले नाही. तेलीच्या देवळामागचा सूर्यास्त हुकला. इथल्या देवळांत ते सगळ्यात उंच, जवळजवळ तीस मीटर, आणि संध्याकाळी आकाशावर त्याची आकृती अप्रतिम दिसते म्हणतात. पुढच्या वेळी पाहीन.

रात्री जेवणं झाल्यावर फोटो टीव्हीवर लावला. आत्या अगदी पडद्याशी जाऊन उभी राहिली. आधी घर नाही पाहिलं तिने. कडुलिंबापासून बोट लावलं आणि मुलांना शाळेत सोडायला जायची ती वाट काढत निघाली. मधे एका जागी थांबली. "इथे बोळ होती. बुजवली वाटतं." मग गोधडीपाशी आली. मी फोटो मोठा केला. पिवळ्याच्या कडेला एक उभी जांभळी रेघ होती.

"ही तू आहेस," मी म्हणाले. तिने जांभळी साडी नेसली होती आणि साडेचारपासून ती गच्चीवर उभी होती, हे मला तेव्हा वहिनीने सांगितलं.

"मी तुलाच बघत होते," आत्या म्हणाली. "पण तू नेमकी कुठे होतीस ते काही कळेना."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन आम्ही दोघी गच्चीवर गेलो. उन्हात सगळा कडा तांबूस झाला होता. सासबहूच्या डावीकडे, तट जिथे थोडा खचलाय त्याच्या अलीकडे, मी बोट दाखवलं. तिने हाताचा आडोसा करून बराच वेळ पाहिलं, मग कपडे वाळत घालायची दोरी सोडली, म्हणजे मधे यायला नको.