आमची वाटचाल : पंचांग बघून चालणारा बोटीचा धंदा

आम्ही मित्रमंडळींना मोटरबोटीने खाडी फिरवतो. बेलापूरहून निघायचं, पनवेल खाडीतून बाहेर पडायचं, अटल सेतूच्या खालून घारापुरीकडे जायचं आणि पाणी असेपर्यंत परत यायचं. धंदा एवढाच. यातलं ‘पाणी असेपर्यंत’ गिऱ्हाइकांच्या गळी उतरवण्यात मात्र आमची पहिली काही वर्षं गेली.

मी मूळचा पंपवाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. कारखाना बंद झाला तेव्हा हाताशी दोन गोष्टी होत्या : थोडी ग्रॅच्युइटी आणि दिवाळे कोळीवाड्यातला एक शाळासोबती. त्याच्या घरी दोन पिढ्यांची मासेमारी. तोच पुढे माझा भागीदार झाला. मी एक लहानसा गाळा घेऊन आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून बसवायची, इंजिनं दुरुस्त करायला लागलो आणि त्याने कोळीवाड्यातली बिघडलेली इंजिनं माझ्याकडे आणून टाकायला सुरुवात केली. दुरुस्त इंजिन खाडीत चालवून बघावंच लागतं. रविवारी मित्र बरोबर यायचे, डबे यायचे, चाचणीची सहल व्हायची. त्या मित्रांचे मित्र विचारायला लागले, “आम्हाला न्याल का? पैसे देऊ.” धंद्याचा आराखडा, बाजारपेठेचा अभ्यास असलं काहीही आम्ही केलेलं नाही.

‘पैसे देऊ’ म्हणताच कागद सुरू होतात. मित्रांना फुकट नेणं वेगळं आणि भाडं घेऊन प्रवासी नेणं वेगळं. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे बोटीची नोंदणी, दरवर्षी सर्व्हे, बोटीवर रंगवलेली प्रवासीसंख्या, परवानाधारक सारंग (बोट चालवणारा), विमा. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 मध्ये अंतर्देशीय जहाजांचा नवा कायदा आला, तेव्हा पुन्हा एकदा फायली उपसल्या. एका कार्यालयात आमचा अर्ज इतके महिने पडून होता की एक अख्खा हंगाम बोट नांगरावरच राहिली. त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही, प्रत्येक लहान धंदेवाल्याकडे असा एक किस्सा असतो.

भाड्याचा एक निर्णय मात्र आम्ही पहिल्याच दिवशी घेतला आणि तो आजही कायम आहे. भाडं बोटीमागे, डोक्यामागे नाही. डोक्यामागे घेतलं की ‘अजून दोघं बसू द्या ना’ हा मोह गिऱ्हाइकालाही होतो आणि आपल्यालाही. बोटीमागे घेतलं की माणूस वाढवून कोणाचाच फायदा होत नाही.

आता पाण्याचं. ठाणे खाडी आणि पनवेल खाडी नकाशावर भरपूर रुंद, निळ्या दिसतात. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, ओहोटीला येऊन बघा. धक्क्यापासून लांबवर नुसता चिखल, त्यात फुदकणाऱ्या निवट्या (चिखलातले छोटे मासे) आणि मधोमध पाण्याची एक चिंचोळी वाट. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तो निम्म्याहूनही कमी होतो. आमच्या धक्क्याला बोट लागते ती भरतीच्या आधी अडीच-तीन तास ते भरतीनंतर तेवढाच वेळ. बाकीचा दिवस बोट आमची असली तरी उपयोगाची नाही.

भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. खाडीत आत यायला पाण्याला वेळ लागतो म्हणून वर अर्धा-पाऊण तास धरायचा. भागीदार हे तोंडी करतो. मी सुरुवातीला छापील तक्त्यावरच विसंबायचो. छापील तक्ता मिनिटापर्यंत अचूक असतो, पण ‘पुढच्या महिन्यात आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन आहे, कुठला रविवार चांगला?’ असं फोनवर कोणी विचारलं, तर कालनिर्णयवर नजर टाकून उत्तर द्यायला पाऊणपटच कामाला येते.

इथेच आमची सगळ्यात जुनी भांडणं आहेत. प्रत्येक गटाला दोनच गोष्टी हव्या असतात : रविवारचा सूर्यास्त, नाहीतर कोजागरी. सूर्यास्ताला पाणी हवं तर सप्तमी-अष्टमी-नवमीच्या आसपासचा रविवार लागतो. महिन्यात असा एखादाच येतो, कधी दोन, कधी एकही नाही. आणि कोजागरी? पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि मग मध्यरात्री. संध्याकाळी चंद्र उगवतो तेव्हा नेमकी तळाची ओहोटी असते, तीही उधाणाची. म्हणजे मसाला दूध घेऊन तुम्ही धक्क्यावर आणि बोट चिखलात. मध्यरात्री पाणी येतं तेव्हा आम्ही प्रवासी नेत नाही, अंधार पडल्यावर फेरी करायची नाही हा आमचा नियम आहे. दरवर्षी भाद्रपद उलटला की कोजागरीचे फोन सुरू होतात आणि दरवर्षी मी हेच सगळं नव्याने सांगतो. काही जण समजून घेतात, काही जण म्हणतात, “दुसरा बोटवाला तर हो म्हणाला.” त्यांना मी शुभेच्छा देतो.

पूर्वी गिऱ्हाईक तारीख सांगायचं आणि आम्ही पाण्याशी झटापट करत ती पाळायला बघायचो. मग बायकोने सुचवलं की आपणच तारखा ठरवून लावू. हंगाम सुरू व्हायच्या आधी तिने सप्टेंबर ते मे असा तक्ता केला. ज्या दिवशी पाणी सोयीच्या वेळी आहे तेच दिवस खुले, समोर निघण्याची वेळ. ही वेळ कधी सकाळी 7:40, कधी दुपारी 2:10. लोकांना आधी विचित्र वाटलं. पण गाडीची वेळ आपण ठरवत नाही, स्टेशनवर जाऊन थांबतो, ते कोणाला विचित्र वाटत नाही. तक्ता लागल्यापासून रद्द होणाऱ्या फेऱ्या जवळपास थांबल्या. फर्मच्या वाटचालीतलं सगळ्यात मोठं पाऊल कुठलं असं कोणी विचारलं, तर मी दुसरी बोट किंवा तिसरी बोट म्हणणार नाही, हा तक्ता म्हणेन.

फेऱ्या दोन प्रकारच्या. छोटी फेरी भरतीच्या आत-बाहेर, खाडीचं तोंड आणि अटल सेतूपर्यंत. पूर्ण दिवसाची फेरी दशमी-एकादशीच्या बाजूची : सकाळची भरती उतरायला लागली की सुकतीबरोबर घारापुरीकडे सुटायचं, दिवस बेटावर काढायचा, संध्याकाळच्या भरतीबरोबर परत. जाताना पाणी ढकलतं, येताना पाणी आणतं, पेट्रोल वाचतं. सोमवारी लेणी बंद, त्यामुळे तिथी कितीही सोयीची असली तरी सोमवार आमच्या तक्त्यात नाही.

ठाण्याच्या नौपाड्यातला एक निवृत्त बँकवाल्यांचा गट दरवर्षी येतो. पहिल्या वर्षी छोट्या फेरीला ते ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कोंडीत अडकले आणि पाऊण तास उशिरा पोहोचले. पाणी उतरणीला लागलं होतं. आम्ही सेतूच्या बऱ्याच अलीकडून बोट वळवली. त्यातले एक काका भयंकर चिडले : “अहो, पूर्ण पैसे दिलेत ना?” माझा भागीदार शांतपणे म्हणाला, “काका, पैसे परत देतो, पाणी कुठनं देऊ?” पुढच्या वर्षी तेच काका सगळ्यांच्या आधी धक्क्यावर हजर होते आणि उशिरा आलेल्यांना पाण्याचं गणित समजावत होते, तेही थोडं चुकीचं.

दारू चालत नाही. ‘फक्त बिअर’ही नाही. स्पीकर चालतो, पण कांदळवनाजवळ बंद.

फ्लेमिंगोंसाठी विचारणाऱ्यांना आम्ही सरळ ऐरोलीला पाठवतो. ठाणे खाडीचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जवळजवळ 1690 हेक्टर, आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं केंद्र आहे आणि त्यांची बोट पक्षी दाखवायलाच जाते, तीही अर्थात भरती बघून. आमच्या फेरीत पक्षी दिसले तर दिसले. गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवतो म्हणून नातेवाईक मला वेड्यात काढतात.

इंजिनाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या बोटींवर 40 हॉर्सपॉवरची आऊटबोर्ड आहेत. खाडीत इंजिनाचा खरा शत्रू खडक नाही, गाळ आणि प्लॅस्टिक. इंजिन खाडीचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड करतं. मागून बारीक धार बाहेर पडते, सारंगाने दर पाच मिनिटांनी मान वळवून ती बघायचीच. धार मंदावली की समजायचं, जाळीवर पिशवी बसली किंवा इंपेलरच्या (पाणी ओढणाऱ्या पंपाच्या चाकाच्या) पात्या गाळाने झिजल्या. पिशवी पंख्यात गुंडाळली तर इंजिन बंद करून, वर उचलून, चाकूने कापायची. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवतो, नाहीतर आतल्या वाटांमध्ये मिठाचे थर बसतात. गिअर ऑईल पांढुरकं झालं की सील गेलं. इंपेलर आम्ही दर हंगामाला बदलतो, चांगला दिसत असला तरी. कारखान्यातली सवय आहे, पंप बंद पडायची वाट बघायची नसते.

जून ते ऑगस्ट बोटी वर ओढलेल्या असतात आणि गाळ्यात इंजिनांची रांग लागते. पावसाळ्यात या दुरुस्तीवरच घर चालतं, पगारही निघतात. 2020 चा उन्हाळा बोटी न हलवता काढला, तेव्हाही गाळ्यानेच तारलं. नुसत्या सहलींवर विसंबलो असतो तर ही वाटचाल लिहायला मी नसतो. नारळी पौर्णिमेला बोटींची पूजा होते, पण आम्ही लगेच सुटत नाही, वारा पूर्ण बसल्याशिवाय प्रवासी घेत नाही.

खाडीच्या आजूबाजूचं इतकं बदललंय की भागीदाराच्या वडिलांची चिडचिड होते. त्यांच्या काळी खोल पाण्याची वाट काठावरच्या खुणा जुळवून धरायचे. त्यात उलव्याची टेकडी ही मोठी खूण होती. विमानतळासाठी ती कापली गेली. “टेकरीच नाय, आता खून कशाची धराची?” असं ते दर वेळी बोटीत बसले की म्हणतात. भागीदार आता अटल सेतूचे खांब धरतो, जीपीएसही आहे. 2024 च्या जानेवारीत सेतू खुला झाल्यापासून ‘सेतूच्या खालून जाऊ या’ म्हणणारी गिऱ्हाइकं वाढली. वरून गाडीने जाणाऱ्यांना समुद्र कठड्यापलीकडे जेमतेम दिसतो, खालून खांबांची रुंदी आणि त्यांच्याभोवतीची ओढ दोन्ही कळतात. त्या ओढीमुळे आम्ही खांबांजवळ बोट नेत नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. 15 जण गेले. आमच्या फेऱ्यांमध्ये लाइफ जॅकेट पहिल्यापासून सक्तीचं होतं, पण लोक ते मांडीवर घेऊन बसायचे, फोटोत नको म्हणून. त्या दिवसानंतर न सांगता पट्टे आवळायला लागले. पुढचे दोन महिने बुकिंग पडलं आणि ज्यांनी फोन केले त्यांनी भाड्याच्या आधी जॅकेटं किती, लहान मुलांच्या मापाची आहेत का, हे विचारलं. लहान मापाची आमच्याकडे कमी होती, ती लगेच वाढवली. शिवाय निघण्याआधी प्रत्येकाचा पट्टा हाताने ओढून बघायचं काम सारंगावर न ठेवता खलाशाकडे दिलं, सारंगाचं लक्ष इंजिनावर असतं.

सध्या गाळ्यात चर्चा आहे ती विजेवर चालणाऱ्या आऊटबोर्डची. मुलगी इंजिनिअर आहे, तिचा आग्रह. 40 हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 30 किलोवॅट. पूर्ण जोरात दोन तास चालवायचं तर 60 युनिट वीज बॅटरीत हवी, आणि तेवढ्या बॅटरीचं वजन धरलं तर काही प्रवासी कमी करावे लागतील. भागीदार म्हणतो, पूर्ण जोर लावायचा कशाला? सुकतीबरोबर जायचं, भरतीबरोबर यायचं, मग निम्मी बॅटरीही पुरेल. मुलीने त्याचं म्हणणं आकड्यांत मांडून बघितलं, वेग थोडा कमी ठेवला तर छोट्या फेरीपुरतं ते जमतंय. धक्क्यावर चार्जिंगसाठी वीजजोडणी मिळावी म्हणून अर्ज टाकला आहे. जोडणी मिळाली की सगळ्यात लहान बोटीवर एक इंजिन लावून बघणार, आधी प्रवाशांशिवाय, भांगाच्या दिवसांत.