आमची वाटचाल: ढाळ कोपऱ्यात मोजायचा असतो

शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात आम्ही सुरुवात केली ती उसाच्या ट्रॉल्यांवर. कोल्हापुरात दुसऱ्या कशावर करणार? धान्याच्या हॉपर ट्रॉलीकडे, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या, तळाला झडप असलेल्या ट्रॉलीकडे, आम्हाला वळवलं ते गडहिंग्लजचे शेतकरी आबा यांनी. त्यांचं भात आणि सोयाबीन. मळणीच्या घाईत पोती भरायला, शिवायला, चढवायला माणसं मिळेनात. "खालनं झडप उघडली की माल आपसूक खाली आला पायजे, असं काय तरी करा," म्हणाले आणि तिथंच इसार देऊन गेले.

हॉपरचा सगळा जीव ढाळात असतो. सोयाबीन गुळगुळीत, ते जरा उतार मिळाला की घरंगळतं. भाताचं तूस खरबरीत. त्यात ओल असली की ते पत्र्याला धरून बसतं. भिंतीचा ढाळ मोजून काम भागत नाही, दोन भिंती मिळतात तो कोपरा मोजावा लागतो. चारी भिंती 45 अंशांत ठेवल्या तर कोपऱ्यात जेमतेम 35 अंश उरतात, आणि भात अडतं ते तिथंच. आम्ही भिंती 55 अंशांत घेतल्या, तेव्हा कोपऱ्याला 45 मिळाले. यानं ट्रॉलीची उंची वाढते आणि तेवढ्याच लांबी-रुंदीच्या ट्रॉलीत उंची आवरती ठेवली तर माल कमी बसतो. हे आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत आलो.

मधली काही वर्षं चांगली गेली. मग एका मोठ्या वर्कशॉपचा माणूस गिऱ्हाईक म्हणून आला, चहा घेतला, टेप लावून सगळी मापं उतरवून घेतली. पुढच्या सुगीला त्यांची ट्रॉली बाजारात. हूक आमच्यासारखा, झडप आमच्यासारखी, दांड्याची मूठसुद्धा तशीच. फक्त ढाळ पाडून 45 वर आणलेला आणि 3 एमएमच्या जागी 2 एमएमचा पत्रा. "माल जास्त बसतो, पैसे कमी लागतात," एवढ्यावर त्यांनी गावंच्या गावं धरली. भात अडकायला लागलं तेव्हा लोक त्यांचं नाव घेत नव्हते, "हॉपरच वाईट" म्हणत होते. ठपका आमच्यावरही बसला. ऑर्डरी आटल्या, बँकेचे हप्ते थकले, लेथ विकावा लागला, हाताखाली तयार झालेले वेल्डर शिरोलीच्या फाउंड्रीत गेले. मापं चोरल्याचा राग एक वेळ गेला असता. ढाळ बिघडवून आमच्या कामाची बदनामी केली, ती सल आजही जात नाही.

आबांनी त्या वेळी काय केलं, ते लिहिलंच पाहिजे. त्यांनी स्वतःच्या खळ्यावर दोन्ही ट्रॉल्या शेजारी लावल्या, ओलसर भात भरलं आणि गावासमोर झडपा उघडल्या. आमची रिकामी झाली. दुसरीच्या चारी कोपऱ्यांत भात तसंच, आबांचा मुलगा आत उतरून खराट्यानं ओढत होता. तुम्ही मात्र झडप उघडी असताना कुणालाही आत उतरू देऊ नका. सरकत्या धान्यात पाय रुतला की माणूस वर येत नाही. त्याच दिवशी आबांनी आमच्याकडच्या आणखी एका ट्रॉलीचे पूर्ण पैसे आगाऊ दिले. त्यावर आम्ही पत्रा उचलला.

घेणाऱ्यानं टनांचा आकडा ऐकून भुलू नये. सोयाबीनला पाच टन भरणारी ट्रॉली भाताला चारच टन भरते, कारण भात हलकं. एकाच धुऱ्याची ट्रॉली असेल तर थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर आलाच पाहिजे. सगळा मागं गेला की चढाला ट्रॅक्टरची मागची चाकं जमीन सोडतात. नव्या ट्रॉलीची पहिली भरलेली खेप झाली की चाकाचे नट पुन्हा आवळा. वाटेत थांबाल तेव्हा हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ, उलटा हात न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा ग्रीस बघा. पत्र्याला चीर गेली तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडून मगच वेल्डिंग करा, नाहीतर चीर वेल्डिंगच्या पुढं चालत राहते. पावसात उभी करताना झडप उघडी ठेवा. नाहीतर आत पाणी साचून राहिलेले दाणे फुगतात, कुजतात आणि झडपेची खाच आधी गंजते.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली फाट्याजवळ महामार्गच पाण्याखाली गेला, तेव्हा शिरोळ, हातकणंगल्याच्या ट्रॉल्या पाण्यात उभ्या होत्या. नंतर आमच्याकडे आलेल्या हबांतलं ग्रीस दुधासारखं पांढरं झालेलं होतं. असं ग्रीस दिसलं की वरून नवीन भरू नका. हब खोला, बेअरिंग रॉकेलनं धुऊन वाळवा, सील बदला, मग भरा.

आता सोयाबीनची सुगी तोंडावर आली की गाळ्यात उभं राहायला जागा नसते. त्या वर्कशॉपच्या ट्रॉल्याही दुरुस्तीला येतात, आम्ही त्या घेतो. ढाळ वाढवून हवा असेल तर मात्र अख्खा हॉपर कापावा लागतो, त्याला वेळ लागतो. ती ट्रॉली गणपतीच्या आधी आणून लावा.