लेखन केंद्रात एआयविषयी काय विचारावे

विद्यापीठाच्या लेखन साहाय्य केंद्रात मी विद्यार्थ्यांसोबत त्यांच्या मसुद्यांवर काम करते. आम्ही कोणालाही गुण देत नाही, आणि आमच्या कामाचे सारे बळ यातच आहे. खाडाखोडीचा, अर्धवट मसुदा घेऊन आलेला विद्यार्थी काय जमले नाही हे आम्हाला मोकळेपणाने सांगतो, कारण त्या कबुलीचा परिणाम त्याच्या निकालावर होणार नसतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, तेव्हापासून या मोकळेपणाचीच कसोटी लागली आहे.

सुरुवातीला बहुतेक चर्चा ‘पकडायचे कसे’ याभोवतीच फिरत राहिली. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये यंत्रलिखित मजकूर ओळखणारे साधन आणले. कंपनीच्याच चाचणीत ते एआयचा जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखू शकले आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर त्याने चुकीचा शिक्का मारला. जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध अशा सात साधनांना तपासायला दिले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. याचे कारण समजण्यासारखे आहे. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, यावर ही साधने बराच भर देतात, आणि परक्या भाषेत जपून लिहिणारा माणूस खात्रीचे, ओळखीचे शब्दच निवडतो. ज्यांना आधार द्यायचा, त्यांच्याकडेच संशयाने पाहण्याची वेळ यावी, हे मला मान्य नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या प्रणालीतील एआय ओळखण्याची सोय बंद केली, तो निर्णय मला योग्य वाटतो.

म्हणून ‘एआय वापरलंस का?’ असे मी विचारत नाही. ‘हा मसुदा इथपर्यंत कसा आला?’ असे विचारते. या प्रश्नाला हो-नाही असे उत्तर देता येत नाही. विद्यार्थ्याला सगळी हकिगतच सांगावी लागते.

एक विद्यार्थिनी झोप आणि अभ्यास यांच्या संबंधावरील पूर्वसंशोधनाचा आढावा घेऊन आली होती. मसुदा मोठ्याने वाचायला लावणे ही लेखन केंद्रांची जुनी पद्धत आहे. लिहिणाऱ्याला स्वतःचे अडखळणे स्वतःलाच ऐकू येते. ‘या बहुआयामी संबंधांवर हे अभ्यास मोलाचा प्रकाश टाकतात’ या वाक्यावर ती थांबली. ‘बहुआयामी म्हणजे कोणते आयाम?’ असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘मॅडम, ते चॅटजीपीटीनं घातलंय. मी फक्त व्याकरण सुधारायला सांगितलं होतं.’ तिचे मूळ वाक्य वहीत होते: ‘तिन्ही अभ्यासांत झोपेचे तास विद्यार्थ्यांनाच विचारून मोजले आहेत, म्हणून मला त्यांची खात्री वाटत नाही.’

आम्ही दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली. आढाव्यातील सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे मोजमापाच्या पद्धतीविषयीची तिची रास्त शंका, भाषा गुळगुळीत करताना पुसली गेली होती आणि तिच्या जागी कौतुक आले होते. संदर्भसूचीतही असेच एक प्रकरण निघाले. नियतकालिक खरे, खंड खरा. पण ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते पान उघडले तर तिथे भलताच लेख होता.

या साधनांपासून दूर राहा, असे मी तिला सांगितले नाही. आपल्या मुद्द्यावर कोणते आक्षेप येऊ शकतील, हे यंत्राला विचारणे आणि त्यांतले कोणते ग्राह्य हे स्वतः ठरवणे, हा वापर मी स्वतः विद्यार्थ्यांसोबत बसून करून पाहते. त्याआधी अर्थातच त्या विषयाच्या शिक्षकांनी काय मुभा दिली आहे ते वाचतो. एकाच विद्यार्थ्याला दोन विषयांत दोन वेगळे नियम असू शकतात. संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती अशा साधनात परस्पर टाकू नयेत, हेही सांगावे लागते, कारण बोलणाऱ्यांनी त्यासाठी संमती दिलेली नसते. लेखन सुधारण्यापेक्षा लिहिणारा सुधारावा हे केंद्राचे काम, असे लेखन केंद्रांचे अभ्यासक स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये मांडले. एआयची कोणती मदत चालेल, हे ठरवताना मला अजून तरी याहून चांगला निकष सापडलेला नाही.

त्या दिवशी तिने वहीतले वाक्य मसुद्यात परत घेतले आणि विचारले, ‘पण मॅडम, मला खात्री वाटत नाही, असं लिहिलेलं चालतं का?’ उरलेली वीस मिनिटे आम्ही त्यावरच घालवली: शंका कोणत्या पुराव्यावर उभी आहे, ती कितपत ठामपणे मांडावी, आणि तिन्ही अभ्यासांना ती सारखीच लागू होते का.